कात्री नसलेली कंपनी

व्हिडिओ कॅसेट काढणाऱ्या आमच्या कंपनीत कात्री नव्हती. हे मी शब्दशः सांगते आहे. मी नोकरीला लागले त्या पहिल्या सकाळी लेबलांचा गठ्ठा पुढ्यात आला, म्हणून मी आप्पांकडे कात्री मागितली. आप्पा म्हणजे आमचे मालक. त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं.

"कशाला?"

"लेबलं कापायला."

"लेबलं कापायची न्हाईत. फूटपट्टी दाबून फाडायची. आमी कायबी कापत न्हाई हितं."

त्यानंतर सहा वर्षं मी लेबलं फूटपट्टी दाबून फाडली. खोक्यांची चिकटपट्टी दातानं तोडली. सुतळी तोडायला एक ब्लेड होतं, पण ते आप्पांच्या खिशात असायचं आणि मागितलं की आधी सुतळी दाखवावी लागायची.

कंपनी कासारवाडीला रेल्वेलाइनच्या अंगाला होती. आप्पांच्या घराण्याची शेती कारखान्यांत आणि रस्त्यांत गेली होती, तिचा एक तुकडा उरला होता. त्यावर पत्र्याची शेड, आत पंख्याखाली एका भिंतीला ओळीनं लावलेले चोवीस व्हीसीआर. पंचविसाव्यात मूळ कॅसेट घालायची आणि या चोवीसांवर तिच्या प्रती निघायच्या. तीन तासांच्या कॅसेटला तीन तासच लागायचे, आणि ते तीन तास आप्पा समोर खुर्ची टाकून बसायचे. कॅसेट त्यांनी याआधी कितीही वेळा पाहिलेली असो. पुढे पळवण्याच्या बटणावर त्यांनी डॉक्टरकडची चिकटपट्टी डकवली होती, त्यामुळे चोवीसच्या चोवीस यंत्रं एकाच जागी जखम झाल्यासारखी दिसायची.

आप्पा मूळचे टूलरूममधले इन्स्पेक्टर. भोसरीच्या एका कारखान्यात त्यांनी आयुष्याची तीस वर्षं दुसऱ्यांनी केलेलं काम मायक्रोमीटरनं मोजण्यात घालवली होती. बरोबर असेल त्याला हिरवा ठिपका, चुकलेल्याला लाल. त्या लाल ठिपक्याला अख्खं खातं घाबरायचं म्हणे. नोकरी सोडून त्यांनी कॅसेटची कंपनी काढली तेव्हा रंगाच्या दोन्ही डब्या सोबत आणल्या. पाहून झालेल्या प्रत्येक कॅसेटला ठिपका लागायचा. घरात भाकरीलाही लावला असता, पण तिथं काकूंपुढे त्यांचं काही चालत नसे.

आमच्या कॅसेटच्या मालिकेचं नाव 'घरबसल्या'. घरबसल्या पुरणपोळी, घरबसल्या शिलाई, घरबसल्या मोटार रिवाइंडिंग, घरबसल्या पोहणे. कंपनीचं खरं नाव बोर्डावर मोठ्या अक्षरांत होतं, पण ते पोस्टमनलाही ठाऊक नव्हतं. 'घरबसल्या पोहणे' कुणी घेत असेल यावर माझा विश्वास नव्हता. एकदा रावेतचे एक गृहस्थ स्टुलावर पालथं पडून हातपाय मारताना स्टूल मोडलं म्हणून भांडायला आले, तेव्हा बसला. आप्पांनी त्यांना शांतपणे विचारलं, "श्वास कवा घेत होता?" आणि ते सांगू शकले नाहीत, म्हणून पुन्हा पहिल्यापासून कॅसेट बघायला बसवलं. ते जाताना शिलाईची कॅसेट विकत घेऊन गेले.

या सगळ्या कॅसेटमध्ये एकही कट नसे. डाळ शिजायला चाळीस मिनिटं लागत असतील तर चाळीस मिनिटं पातेलं दिसायचं. मी 'निवेदिका पाहिजे' ही जाहिरात वाचून आले होते. माझा आवाज बरा होता आणि कॉलेजात बक्षिसं मिळाली होती. पण कापाकापीच नाही, तर जोडायला निवेदिका हवी कशाला? तीन तासांच्या कॅसेटमध्ये माझ्या वाट्याला सुरुवातीचं "नमस्कार" आणि शेवटचं "धन्यवाद" एवढंच यायचं. मधल्या वेळात मी लेबलं फाडायचे.

हे कात्रीचं वैर कुठून आलं, ते आप्पा प्रत्येक नव्या माणसाला एकदा सांगत.

"सोळाव्या वर्षी लेथवर शिकायला लागलो. उस्ताद हाताचा सोन्यावानी. पर आट्यांचं सेटिंग करायची येळ आली, की म्हणायचा, जा, चहा आण. चहा घिऊन येतो तवर सेटिंग झाल्यालं. चार वर्षं चहा आणला मी. चार वर्षांत चहा करायला शिकलो, सेटिंग न्हाई."

इथं ते चष्मा वर सरकवायचे.

"मंग एक दिस त्याची पाठ वळली तवा थर्मासच भरून ठिवला. म्हणला जा, मी म्हणलं हा घ्या. त्या दिवशी सेटिंग बघितलं. कट मारणं म्हंजी काय? बघणाऱ्याला चहाला धाडणं. आपल्या कंपनीत कुणाला चहाला धाडायचं न्हाई."

हे तत्त्व थोर होतं, पण त्यापायी आमचे हाल व्हायचे. मुख्य अडचण रेल्वेची. शूटिंग शेडच्या मागच्या खोलीत चालायचं आणि लोणावळ्याची लोकल गेली की पुढचं काही ऐकू यायचं नाही. दुसऱ्या कुणी कॅमेरा बंद केला असता. आप्पा कॅमेरा चालूच ठेवायचे आणि पाठीमागून म्हणायचे, "थांबा. जाऊ द्या." मग शिकवणारा माणूस होता तसा थांबायचा. आमच्या प्रत्येक कॅसेटमध्ये अधूनमधून एखादा माणूस हातातलं काम तसंच धरून, मान किंचित तिरकी करून, मिनिटभर कुठेतरी बघत उभा दिसतो.

पुरणपोळी शिकवायला भोसरीच्या एक मावशी आल्या होत्या. पंचक्रोशीतल्या लग्नांत त्यांच्या पोळ्या असायच्या. पुरणाचा गोळा हातात घेतला आणि गाडी आली. मावशी गोळा धरून थांबल्या. पुढे महिन्याभरानं सांगलीच्या एका बाईंचं पत्र आलं. 'आमच्या घरी आजवर अशी मऊ पोळी झाली नव्हती. पुरणाचा गोळा भरण्यापूर्वी मिनिटभर हातात धरून थांबायचं असतं, हे गुपित कुणी सांगत नाही. तुम्ही दाखवलंत. आम्ही आता घड्याळ लावून थांबतो.'

मी हसून हसून खुर्चीवरून पडायची बाकी होते. आप्पा हसले नाहीत. त्यांनी पत्र घडी करून खिशात घातलं आणि त्या रविवारी काकूंना गोळा धरून थांबायला लावलं, असं मला काकूंकडूनच कळलं. पोळ्या मऊ झाल्या का, हे दोघांपैकी कुणीही सांगितलं नाही.

त्याच कॅसेटवरून मावशींनी आमच्याशी बोलणं सोडलं होतं. त्यांची एक पोळी तव्यावर फुटली होती. चाळीस वर्षांत पहिल्यांदा, आणि तीही कॅमेऱ्यासमोर. "आप्पा, एवढी एक काढून टाका," त्या म्हणाल्या. "माझ्या सुना बघतील."

"आवो, फुटली तवा तुमी वाईच पीठ दाबून सांधली न्हवं का? लोकास्नी तेच बघायचंय. गोल पोळी काय, कॅलेंडरावर बी आसती."

"मी हात जोडते तुम्हाला."

"जोडू नका. कापलं जानार न्हाई."

मावशी पदर खोचून निघून गेल्या त्या गेल्याच. मला त्या दिवशी आप्पांचा राग आला होता. दुसऱ्याची फुटलेली पोळी गावभर दाखवणं सोपं असतं, असं मी मनात म्हटलं, आणि तोंडानं अर्थातच काही म्हटलं नाही.

विक्रीच्या बाबतीत तर बोलायलाच नको. पुण्याचे एक वितरक आले होते. माणूस भला, सूट घालून आलेला. "आप्पासाहेब, सगळं एक तासात बसवा, मध्ये दोन गाणी टाका, मी अख्ख्या महाराष्ट्रात माल लावतो," असं म्हणाले. आप्पांनी त्यांना 'घरबसल्या मोटार रिवाइंडिंग' लावून दिली आणि म्हणाले, "आदी बगा. कुठलं काढू ते सांगा." पाऊण तासानं वितरक घोरायला लागले. आप्पांनी त्यांना झोपू दिलं. जागे झाल्यावर कॅसेट मागे घेतली आणि त्यांचा डोळा लागला तिथून पुन्हा सुरू केली. वितरकांनी नंतर कधी आमच्याकडे फोन केला नाही.

आता आप्पा रावेतला मुलाच्या फ्लॅटमध्ये राहतात, अकराव्या मजल्यावर. ऐंशी केव्हाच उलटली. व्हीसीआर गेले, सीडी गेली, शेडच्या जागी गाड्यांचं शोरूम आलं, आणि याचं त्यांना म्हणावं तेवढं दुःख नाही. नातवानं त्यांना मोबाइल घेऊन दिला आहे. त्यावर ते जगभरचे लोक काय काय शिकवतात ते बघतात आणि दर दोन मिनिटांनी करवादतात. मागच्या महिन्यात मी गेले तेव्हा एक तरुण पाण्याचा नळ दुरुस्त करून दाखवत होता. नळ सुटला आणि पुढच्या क्षणी बसलासुद्धा. "बघ," आप्पा म्हणाले, "धाडलं का न्हाई चहाला?" आणि त्यांनी त्या तरुणासाठी व्हिडिओखाली मराठीत तसं लिहायला लावलं. मीच टाइप केलं.

पण मला त्यांची जी गोष्ट सांगायची आहे ती माझ्या वडिलांमुळे घडली.

आम्ही मूळचे धाराशिवकडचे. बाबा भोसरीच्या एका कारखान्यात लेथवर होते, वीस-बावीस वर्षं. त्यांच्या हाताला इतकी सवय होती, की आवाजावरून धातू किती कापला गेला ते सांगायचे. मग कारखान्यात सीएनसी यंत्रं आली. म्हणजे लेथच, पण चाकं फिरवायची नाहीत, कॉम्प्युटरवर आकडे घालायचे, बटण दाबायचं आणि काचेतून बघायचं. जुन्या लोकांना आठवडाभराचा वर्ग दिला, आणि दोन महिन्यांनी परीक्षा ठेवली. पास झाले ते नव्या यंत्रावर. नापास झाले त्यांनी पॅकिंगला जायचं, नाहीतर व्हीआरएसच्या, म्हणजे स्वेच्छानिवृत्तीच्या, कागदावर सही करायची. बाबांचं वय पन्नाशीच्या अलीकडे, भाऊ डिप्लोमाला. बाबा वर्गाला गेले आणि परत येऊन म्हणाले, "समजलं की सगळं."

एका सकाळी मी लवकर उठले, तर बाबा स्वयंपाकघरात जमिनीवर बसले होते. समोर जुन्या कॅलेंडरचं पान पालथं घातलेलं. त्यावर पेन्सिलीनं यंत्राची सगळी बटणं काढली होती, पट्टीनं आखून, आणि बाबा एकेक बटण बोटानं दाबत होते. मला बघून त्यांनी पान गुंडाळलं. पुढे आईकडून कळलं, की वर्गात शिकवणारा भावाच्या वयाचा होता, बाकीची पोरं भराभरा बटणं दाबत होती, आणि बाबांनी आठवड्याभरात यंत्राला हात लावला नव्हता.

हे मी दुपारच्या चहाला आप्पांना सांगितलं. त्यांनी कप खाली ठेवला. दुसऱ्या दिवशी म्हणाले, "घरबसल्या सीएनसी काढायची. बाजारात मागणी हाय."

"आप्पा, घरी सीएनसी कुणाकडे असतं?"

"घरी बसून बघायचं. मशीन कंपनीत हाय की." मग जरा वेळानं, "परीक्षा कवा हाय म्हणलीस?"

चाकणला त्यांच्या पुतण्याचं वर्कशॉप होतं. रविवारी यंत्र मोकळं असायचं. शिकवायला तिथला एक ऑपरेटर तयार झाला, तिशीतला, जालन्याचा, शांत माणूस. पण आप्पांनी ठरवलं, की शिकवणारा नुसता बोलेल आणि आप्पा स्वतः शिकतील. "शिकल्याला मानूस दाखवून काय उपेग? शिकनारा दिसला पायजे." त्यांनाही सीएनसी येत नव्हतं. कॅमेरा त्यांनी पहिल्यांदाच दुसऱ्याच्या हातात दिला, तो माझ्या. मी निवडले गेले त्याचं कारण त्यांनी असं दिलं, की मी हलत नाही.

चार रविवार आम्ही चाकणला गेलो. आप्पा इस्त्रीचा शर्ट, टोपी घालून यंत्रासमोर उभे राहायचे आणि विचारत विचारत एकेक आकडा घालायचे. चुकायचे, खोडायचे, पुन्हा घालायचे. मी सगळं टिपत होते. चौथ्या रविवारी अख्खा पार्ट करून दाखवायचा होता. अर्धा झाला, टूल, म्हणजे धातू कापायचं हत्यार, बदलायची वेळ आली. आप्पांनी नवा टूल बसवला. ऑपरेटर म्हणाला, "आप्पा, माप एकदा बघून घ्या."

"तीस वर्षं मापच बघितलंय," आप्पा म्हणाले आणि त्यांनी सुरू करायचं बटण दाबलं.

नव्या टूलचं माप यंत्रात घालायचं राहिलं होतं. यंत्र जुन्याच मापानं पुढे सरसावलं. असा आवाज झाला, की बाहेर वॉचमन उठून उभा राहिला. कारखान्याच्या भाषेत याला मशीन ठोकणं म्हणतात, आणि ठोकणाऱ्याचं नाव वर्षभर तरी खात्यात निघतं. आप्पांचा हात यंत्र बंद करायचं लाल बटण शोधत यंत्राच्या दाराची मूठच दाबत राहिला. शेवटी ऑपरेटरनं बंद केलं. टोपी खाली पडली होती. पुतण्या ऑफिसच्या दारात उभा होता, तो ओठ दाबून हसला, आणि ते आप्पांनी पाहिलं.

मग ऑपरेटरनं सगळं हळूहळू सोडवलं. टूल इंचाइंचानं मागे घेतला, मोडलेलं टोक बदललं, पार्ट पकडणारा चक हातानं फिरवून पाहिला, आप्पांकडून माप घालून घेतलं आणि पार्ट पुरा करवला. अकरा मिनिटं गेली. मी हलले नाही, कॅमेरा चालूच होता.

परतीला आम्ही टेम्पोनं निघालो. मोशी आली तेव्हा आप्पा समोर बघतच म्हणाले, "तेवढं काढ."

"काय, आप्पा?"

"ठोकल्यालं."

"पण आपण तर कधीच..."

"काढ म्हणलं ना."

मला मावशींची पोळी आठवली. खरं सांगायचं तर मला थोडा आनंदही झाला. पण त्यांचे लाल झालेले कान बघून माझ्यानं पुढे बोलवलं नाही. तोवर आम्ही सीडीवर आलो होतो, कॉम्प्युटर होता. ज्या गोष्टीसाठी आमच्याकडे कात्री नव्हती ती तिथं दोन क्लिकमध्ये झाली. टूल बसवला, आणि लगेच पार्ट पुरा. आप्पांनी खुर्ची टाकून ती सीडी पाहिली, पण ठिपका न लावताच उठले.

पहिली प्रत मी घरी नेली. बाबांनी चार दिवस शिफ्टवरून येऊन ती पाहिली. कॅलेंडरचं पान समोर घेऊन आप्पांच्या बरोबरीनं बटणं दाबली. मला वाटलं, काम झालं. परीक्षेला आठवडा उरला होता. पाचव्या दिवशी त्यांनी पान गुंडाळून माळ्यावर टाकलं.

"का हो, बाबा?"

"चांगलं केलंय त्यांनी. सगळं कळलं." मग बराच वेळ त्यांनी नखं बघितली. "पण त्यांचं कुठं चुकलंच नाही, बाय. माझ्याकडून ठोकलं तर? ती पोरं हसतेल. बटण दाबायला गेलं की मला तेच दिसायलंय. मी सही करतो कागदावर."

मी दुसऱ्या दिवशी कंपनीत गेले आणि आप्पांपुढे उभी राहून हे जसंच्या तसं सांगितलं. रागानंच सांगितलं. त्यांना ते अकरा मिनिटांचं काही म्हटलं नाही, म्हणायची गरजही नव्हती. आप्पा तिथल्या तिथं लेबलं मोजायला लागले. संध्याकाळपर्यंत ते मोजतच होते. मी घरी गेले आणि उशीत तोंड खुपसून रडले.

रविवारी सकाळी दारात आप्पा. टोपी, इस्त्रीचा शर्ट, हातात सीडी. आमच्याकडे ते कधी आले नव्हते. आईची धांदल उडाली, ती चहाला आत वळली, तर आप्पा म्हणाले, "वहिनी, चहा नंतर. आदी हितं बसा. तुमीबी बघा." मग बाबांना म्हणाले, "लाव."

आप्पांनीच पुतण्याच्या मुलाकडून कापलेलं सगळं परत जोडून घेतलं होतं. ठोकण्याचा क्षण आला. टीव्हीवर तो आवाज झाला, आप्पांची टोपी उडाली, हात दाराची मूठ दाबत राहिला. आप्पा ताठ बसून पडद्याकडे बघत होते, ठिपका लावायच्या वेळी बघत तसेच. बाबांच्या घशातून एक बारीक आवाज आला. त्यांनी तो दाबला, तो पुन्हा आला, आणि मग बाबा हसायला लागले. दोन महिन्यांत मी त्यांना हसताना पाहिलं नव्हतं. डोळ्यांतून पाणी यायला लागलं त्यांच्या. "माफ करा, आप्पा," ते म्हणाले, "पण ती मूठ..."

"हास," आप्पा म्हणाले. "पर पुढचं बघ."

बाबांनी पुढची अकरा मिनिटं पाहिली. मग मागे घेऊन पुन्हा पाहिली. तिसऱ्यांदा झाल्यावर म्हणाले, "एवढंच होतंय?"

"एवढंच. टूलाचं टोक गेलं. मानूस हाय तसाच हाय." आप्पांनी टोपी सारखी केली. "मंग वहिनी, ठिवा आता चहा."

बाबा पास झाले. सगळ्यांत जास्त वेळ लावून, परीक्षकाच्या कपाळावर आठ्या पाडून, पण पार्ट मापात. त्यांना संकोच फार, म्हणून पेढे माझ्या हातून पाठवले. आप्पांनी एक पेढा घेतला आणि विचारलं, "ठोकलं का त्यानं?"

"नाही, आप्पा."

"बरं," ते म्हणाले. पण जरा हिरमुसले, हे मला दिसलं.

'घरबसल्या सीएनसी' ती अकरा मिनिटं धरूनच बाजारात गेली आणि आमच्या कंपनीनं काढलेल्या मालात तीच खपली. चाकणला खोल्या घेऊन राहणारी ऑपरेटर पोरं ती पाच-पाच जण मिळून बघायची, आणि बहुतेक ती मूठ बघायलाच लावायची. आप्पा तिकडे टपरीवर उभे राहिले की कुणीतरी कुणाला तरी कोपर मारायचं. आप्पांनी ते ओळखलं होतं. तरी टपरी त्यांनी बदलली नाही, आणि भोसरीच्या मावशींकडे एक दिवस स्वतः जाऊन ती सीडी देऊन आले. मावशींनी ती सुनांना बसवून पाहिली, मग निरोप धाडला, की दिवाळीला पोळ्या पाठवते.

पुढे चार-पाच महिन्यांनी, दिवसपाळी सुटल्यावर बाबा शेडच्या दारात आले. अंगावर कारखान्याचे कपडे, हात तेलकट, आणि त्या हातात मिठाईचं खोकं. ते कंपनीत पहिल्यांदाच आले होते. मला वाटलं पगार वाढला. आप्पा सीडी आल्यापासून धूळ खात पडलेल्या चोवीस व्हीसीआरच्या भिंतीसमोर बसले होते, ते उठले.

"पेढे कशाचे?"

बाबांनी खोकं उघडून पुढं केलं. त्यांचा चेहरा लाल झाला होता, पण ते हसत होते.

"आप्पा," ते म्हणाले, "आज माझ्याकडून ठोकलं."

आप्पांनी त्यांच्याकडे पाहिलं. मग पेढा उचलून अख्खा तोंडात टाकला, पायानं दुसरी खुर्ची पुढे ओढली आणि म्हणाले, "बस. पयल्यापासनं सांग."